सीडीवरून घेतलेली रिप खरंच बरोबर आहे का, हे कसं तपासायचं?

विचारणाऱ्यांची अडचण थोडक्यात अशी: वडिलांच्या संग्रहातल्या ख्याल, नाट्यसंगीत, अभंग आणि काही इंग्रजी अल्बमच्या सीडी फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइलींत, उतरवल्या (म्हणजेच रिप केल्या) आहेत. आधीच्या विंडोज मीडिया प्लेअरवर, नंतरच्या एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीवर, म्हणजे ईएसी या रिप करणाऱ्या प्रोग्रॅमवर. आता काही सीडींना ‘अ‍ॅक्युरेट’ असा शेरा येतो, बऱ्याच मराठी सीडी ‘डेटाबेसमध्ये नाही’ म्हणून येतात आणि एका सीडीत बाकी सगळं जुळून एकच ट्रॅक जुळत नाही. कानाला मात्र सगळं ठीक वाटतं. तर सगळं पुन्हा रिप करायचं का, आणि झाल्यावर सीडी देऊन टाकल्या तर चालतील का?

सगळं पुन्हा करायची गरज नाही. पण ‘कानाला ठीक वाटतं’ हा पुरावा धरू नका. सीडीची रचनाच अशी आहे की चूक झाली तर ती कानाला कळू नये, याचीच सोय त्यात करून ठेवलेली आहे.

फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ऑडिओ सीडीचं प्रमाण ठरवलं, तेव्हा कॉम्प्युटरमध्ये कॉपी करणं कोणाच्या डोक्यात नव्हतं. आवाज सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (आवाजाच्या क्षणाक्षणाच्या मोजमापाचे आकडे) या वेगानं साठवला आणि प्रत्येक छोट्या फ्रेममध्ये आवाजाच्या २४ बाइटबरोबर दुरुस्तीसाठी ८ बाइट जास्तीचे ठेवले. अशा ७,३५० फ्रेम दर सेकंदाला वाचल्या जातात. त्यातल्या २२० पर्यंत फ्रेममध्ये चूक असली तरी ती सीडी प्रमाणात बसते, म्हणजे नव्याकोऱ्या सीडीतही चुका असतातच. दुरुस्तीचे दोन थर त्या भरून काढतात आणि हाती मूळ आकडे जसेच्या तसे येतात. अडचण येते ती चरा मोठा असला, बोटांचे ठसे फार असले किंवा वरचा थर उडाला असला तर. मग दुरुस्ती अपुरी पडते, आणि घरातला सीडी प्लेअर मागच्या-पुढच्या सॅम्पलवरून मधला आकडा अंदाजानं भरतो. तंबोऱ्याच्या संथ आवाजावर तो अंदाज इतका बेमालूम बसतो की कोणालाही कळणार नाही. तबल्याच्या थापेवर पडला तर मात्र कधीकधी बारीकसा ‘टिक्’ ऐकू येतो.

डेटा सीडीचं तसं नाही. तिच्या २,३५२ बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या एका तुकड्यात, फक्त २,०४८ बाइट माहितीचे असतात. उरलेल्यात सेक्टरचा पत्ता आणि दुरुस्तीचा आणखी एक थर असतो. म्हणून फाइल एक तर पूर्ण बरोबर येते, नाही तर कॉम्प्युटर सरळ एरर देतो. ऑडिओ सीडीत ते २,३५२ बाइट सगळेच्या सगळे आवाजाला दिलेले आहेत. सेक्टरचा नेमका पत्ता नाही, तिसरा थर नाही. ड्राइव्हनं चूक केली तरी फाइल तयार होते, वाजते आणि नावासकट छान दिसते. विंडोज मीडिया प्लेअर ‘झालं’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ फाइल लिहून झाली, एवढाच.

म्हणून रिपची खात्री करायची तर साक्षीदार लागतो, आणि तो स्वतंत्र हवा. एकाच साक्षीदाराला दोनदा विचारलं आणि त्यानं दोन्ही वेळा तेच सांगितलं, तर तो ठाम आहे एवढं कळतं. तो खरं बोलतोय हे त्यावरून कळत नाही. पुढचं सगळं तपासणं या एका गोष्टीभोवती फिरतं.

सगळ्यात चांगला साक्षीदार म्हणजे त्याच अल्बमची दुसऱ्या कोणाकडची प्रत, दुसऱ्या ड्राइव्हवर वाचलेली. अ‍ॅक्युरेटरिप हा डेटाबेस नेमकं हेच करतो. सीडीवरच्या ट्रॅकच्या जागांवरून अल्बम ओळखतो आणि तुमच्या प्रत्येक ट्रॅकचा चेकसम (सगळ्या आकड्यांवरून काढलेला एक ओळख-आकडा) जगभरच्या लोकांनी पाठवलेल्या चेकसमशी ताडून बघतो. वेगळ्या घरातली, वेगळे चरे असलेली सीडी आणि तुमची सीडी यांचा आकडा शेवटच्या बिटापर्यंत सारखा आला, तर दोघांच्याही हातून तीच चूक झाली असण्याची शक्यता सोडून देण्याजोगी आहे. पुढे ‘कॉन्फिडन्स’ म्हणून जो आकडा दिसतो, तो फक्त किती जणांशी जुळलं ते सांगतो. २०० वाली रिप ३ वाल्या रिपपेक्षा जास्त बरोबर असते असं काही नाही. १ असेल तेव्हा मात्र जरा थांबा. तुम्हीच पूर्वी हीच सीडी रिप करून निकाल पाठवला असेल, तर तो एक म्हणजे तुम्हीच असू शकता. रिपोर्टमध्ये आवृत्ती एक आणि आवृत्ती दोन असे दोन आकडे दिसतात, त्यानंही गोंधळ होतो. पहिल्या आवृत्तीच्या गणितात काही बिट निसटायचे, दुसरीत ते सुधारलं. दोन्हींपैकी कशाशीही जुळलं तरी व्यवहारात पुरे.

इथे ऑफसेटची भानगड समजून घ्यावी लागते. सेक्टरला नेमका पत्ता नसल्यामुळे प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह ठरावीक सॅम्पल आधी किंवा नंतर वाचायला सुरुवात करतो. कोणाचा फरक ६ सॅम्पलचा, कोणाचा ३०, कोणाचा १०२, काहींचा तर ६६७. ६६७ म्हणजेसुद्धा सेकंदाच्या पासष्टाव्या भागाच्या आसपास, त्यामुळे ऐकण्यात काडीचाही फरक पडत नाही. पण चेकसम पूर्ण बदलतो. ईएसी तुमच्या ड्राइव्हचं मॉडेल ओळखून ऑफसेट आपोआप घेतं, मात्र डेटाबेसमध्ये असलेली एखादी लोकप्रिय सीडी एकदा तरी ड्राइव्हमध्ये घालावी लागते. मराठी संग्रहवाल्यांची गाडी इथेच अडते. सगळ्याच सीडी छोट्या कंपन्यांच्या असल्या तर ड्राइव्ह कधी जुळवलाच जात नाही. तुमच्याकडे इंग्रजी अल्बम आहेत, काम झालं. नसतील त्यांनी एखादी गाजलेल्या हिंदी चित्रपटाची किंवा परदेशी अल्बमची मूळ सीडी तासाभरासाठी मागून आणावी.

आता आधी रिप केलेल्या फाइलींचं बघू. त्यांच्यासाठी क्यूटूल्स हा प्रोग्रॅम वापरा. अल्बमचे सगळे ट्रॅक एका फोल्डरमध्ये क्रमानं असतील आणि फाइली लॉसलेस (फ्लॅकसारख्या) असतील, तर ट्रॅकच्या लांबीवरून तो मूळ सीडीचा आराखडा परत मांडतो आणि अ‍ॅक्युरेटरिपशी तसंच स्वतःच्या डेटाबेसशी ताडतो. सीडी ड्राइव्हमध्ये घालायचीही गरज नाही. मीडिया प्लेअरनं ऑफसेट सुधारलेला नसतो, तरी क्यूटूल्स फाइली आजूबाजूला सरकवून कुठे जुळतं ते शोधतो आणि ‘अमुक ऑफसेटवर अ‍ॅक्युरेट’ असं सांगतो. एकाच ड्राइव्हवरच्या बऱ्याच सीडींना तोच ऑफसेट आला तर तो तुमच्या ड्राइव्हचा आहे हे ओळखा, आणि त्या फाइली निर्धास्तपणे ठेवून द्या. काही सॅम्पल इकडेतिकडे म्हणून पुन्हा रिप करत बसणं हा निव्वळ सोवळेपणा झाला. एखादा ट्रॅक गायब असेल, किंवा ‘आवडती गाणी’ म्हणून चारच ट्रॅक काढलेले असतील, तर मात्र हा मार्ग बंद. एमपीथ्रीलाही तो लागू नाही, कारण तिथे मूळ आकडे उरलेलेच नसतात.

एक बारकावा सांगून ठेवतो. काही सीडींचा पहिला ट्रॅक अगदी सुरुवातीला न येता ३२-३३ सेक्टर पुढे सुरू होतो, काहींच्या शेवटी व्हिडिओचा डेटा ट्रॅक असतो. नुसत्या फाइलींवरून हे कळायला मार्ग नाही. त्यामुळे सीडी डेटाबेसमध्ये असूनही ‘सापडली नाही’ येतं. नावाजलेल्या कंपनीचा अल्बम सापडत नसेल तर तीच सीडी एकदा ईएसीमध्ये घालून बघा, बहुतेक वेळा लगेच सापडते.

न जुळणाऱ्या ट्रॅकचा रिपोर्ट वाचायची एक रीत आहे. आधी किती ट्रॅक जुळत नाहीत ते बघायचं. सगळेच जुळत नसतील तर घाबरू नका. बहुधा तुमच्या सीडीचं प्रेसिंग, म्हणजे कारखान्यातली छपाई, वेगळं आहे किंवा ऑफसेट चुकलाय, कारण सगळ्या ट्रॅकवर एकाच वेळी चरे पडायची वेळ क्वचित येते. बाकीचे जुळून एकच जुळत नसेल, तर तो ट्रॅक खराब वाचला गेलाय, यात जवळजवळ शंका नाही. तुमचा जो ट्रॅक अडलाय त्याचं हेच आहे. तोही शेवटचा असेल तर नवल वाटू देऊ नका. सीडी आतून बाहेर वाचली जाते, आणि आपण तिला धरतो बाहेरच्या कडेला. बोटांचे ठसे, पाकिटात घासणं, सगळं तिथेच होतं.

शास्त्रीय संगीतवाल्यांना यात एक जादाचा त्रास आहे. चेकसम ट्रॅकवार असतो. पॉपच्या अल्बममध्ये बारा ट्रॅक असतात आणि एक खराब झाला तर उरलेले अकरा सही ठरतात. ख्यालाच्या सीडीत पन्नास मिनिटांचा बडा ख्याल आणि पुढे एक छोटी ठुमरी, एवढंच. त्या पन्नास मिनिटांत एक सॅम्पल चुकलं तरी सगळा राग ‘न जुळलेला’ ठरतो. म्हणून अशा सीडीत न जुळणं हे फार मोठं संकट असेलच असं नाही, पण चूक नेमकी कुठे आहे ते शोधावं लागतं.

ईएसीचा लॉग त्यासाठी उघडा. तिथे ‘ट्रॅक क्वालिटी ९९.७ टक्के’ असं दिसलं की लोक समजतात ०.३ टक्के आवाज गेला. तसं नाही. हा आकडा ड्राइव्हला किती जास्तीची वाचनं करावी लागली त्याचा आहे. सिक्युअर मोडमध्ये ईएसी प्रत्येक भाग निदान दोनदा वाचतं. दोन्ही सारखे आले नाहीत तर सोळा-सोळा वाचनांच्या गटांत पुन्हा वाचतं, आणि त्यातली आठ सारखी आली तर तो आकडा पक्का धरतं. म्हणजे ९९.७ आणि खाली ‘कॉपी ओके’, तर ड्राइव्हनं थोडे कष्ट घेतले पण शेवटी जमलं. उलट ‘सस्पिशस पोझिशन’ म्हणून वेळ दिलेली असेल, उदाहरणार्थ ०:३१:४२, तर तिथे आठ वाचनंही एकमतानं आली नाहीत. ती वेळ लिहून घ्या.

मग ती जागा बघायची. ट्रॅक दोनदा रिप करा, शक्यतो दुसऱ्या ड्राइव्हवर, आणि दोन्ही फाइली ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये एकाखाली एक घ्या. खालचीला ‘इन्व्हर्ट’ लावा, म्हणजे तिची लहर उलटी करा, आणि दोन्ही मिक्स करा. जिथे दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आहेत तिथे शून्य उरतं, रेघ कितीही झूम केली तरी सपाट. जिथे फरक आहे तिथे बारीक टोक उभं राहतं. एखाद-दुसरी फ्रेम हुकली असेल तर ते टोक मोजक्या सॅम्पलएवढंच रुंद असतं, म्हणजे सेकंदाचा अगदी बारीक अंश. अर्धं सेकंदभर गवत उगवल्यासारखं दिसलं, तर सीडीवर तिथे खरा चरा आहे. सगळा ट्रॅकभर फरक दिसला तर दोन फाइलींचा ऑफसेट वेगळा आहे. आधी तो जुळवा, मगच बाकीचं. फूबार२००० या प्लेअरमध्ये फाइली बिट-बिट ताडणारं एक कम्पोनंट मिळतं, ते नुसता निकाल सांगतं. पण मला तरी रेघ डोळ्यांनी बघायला आवडते. चूक कुठे आहे कळलं, की तिथे सम होती की नुसता तंबोरा, हे लगेच ऐकता येतं.

चूक दुरुस्त करायचा पहिला उपाय म्हणजे सीडी धुणं. कोमट पाण्यात थेंबभर भांड्याचं लिक्विड, मऊ सुती कापड, आणि मधून कडेकडे सरळ पुसायचं. गोल-गोल पुसलं तर नवा चरा ट्रॅकच्या दिशेनंच लांब पडतो आणि तोच दुरुस्तीला जास्त जड जातो. टूथपेस्ट लावायचे सल्ले मिळतील, पण दुसरा काहीही उपाय उरला नसेल तरच तिकडे वळा. छापील बाजूही बघा. खालचं प्लॅस्टिक १.२ मिलिमीटर जाड आहे, त्यामुळे तिथला चरा पुष्कळदा निभावतो. आवाज असलेला चकाकता थर असतो छापील बाजूला, वर फक्त लाखेचा पातळ पापुद्रा. सीडी दिव्यासमोर धरली आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली, तर तो थर तिथून उडालाय आणि धुऊन काही परत येणार नाही. आपल्याकडे पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात आतला कागद छापील बाजूला चिकटतो. तो ओढून काढू नका, थराचा तुकडाही त्याबरोबर निघतो.

धुऊन झालं की दुसरा ड्राइव्ह लावून बघा. एक ड्राइव्ह ज्या चऱ्यावर अडतो तो दुसरा सहज ओलांडतो, आणि यात महाग-स्वस्त असा काही नियम नाही. जुन्या डेस्कटॉपमधला मोठा ड्राइव्ह कोणी टाकून देत असेल तर घेऊन ठेवा. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हनं हात टेकले तिथे तो पुष्कळदा चालतो. वेग कमी करून पाहायला हरकत नाही, पण प्रत्येक वेळी हळू वाचणं चांगलंच असं समजू नका. तरीही जमलं नाही आणि अल्बम क्यूटूल्सच्या डेटाबेसमध्ये असेल, तर तिथे नुसता चेकसम नसतो, दुरुस्तीचा थोडा डेटाही ठेवलेला असतो. चुका मोजक्या असतील तर ‘रिपेअर’ म्हटलं की त्या भरून निघतात आणि फाइल पुन्हा जुळते. तुमचा अडलेला ट्रॅक बहुधा याच मार्गानं सुटेल, कारण तुमची ती सीडी डेटाबेसला माहीत आहे.

आता राहिल्या डेटाबेसला माहीत नसलेल्या सीडी, आणि मराठी संग्रहात त्याच जास्त. काही शेकड्यांत काढलेलं एखाद्या संगीत मंडळाचं ध्वनिमुद्रण, मैफिलीनंतर टेबलावर विकलेली सीडी, गावच्या भजनी मंडळाची सीडी. तिथे साक्षीदार तुम्हालाच उभा करावा लागतो.

ईएसीत ‘टेस्ट अँड कॉपी’ वापरा. ट्रॅक दोनदा पूर्ण वाचून दोन चेकसम दिले जातात, ते सारखे हवेत. पण हे करण्याआधी ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ‘ड्राइव्ह ऑडिओ डेटा कॅश करतो’ हा पर्याय तपासून घ्या. कॅश करणारा ड्राइव्ह असेल आणि ईएसीला ते सांगितलेलं नसेल, तर पुन्हा वाचा म्हटल्यावर तो सीडीकडे न जाता मघाचंच उत्तर परत देतो. सगळी वाचनं एकमतानं येतात आणि त्या एकमताला काही अर्थ नसतो. ‘सी-टू’ चुकांवर, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच कळवतो त्या चुकांवर, विसंबायचा पर्यायही बंदच ठेवा. काही ड्राइव्ह चूक झाली तरी ती कळवत नाहीत.

एवढं करूनही तो एकच ड्राइव्ह आहे. काही चरे असे असतात की तोच ड्राइव्ह दर वेळी तिथे तोच अंदाज भरतो, आणि दोन्ही चेकसम जुळतात. म्हणून ज्या सीडी पुन्हा मिळणार नाहीत त्या वेगळ्या कंपनीच्या दुसऱ्या ड्राइव्हवरही रिप करा. दोघांचा ऑफसेट आधी जुळवलेला हवा, नाही तर चेकसम ताडण्यात अर्थ नाही. दोन वेगळ्या बनावटीचे ड्राइव्ह शेवटच्या बिटापर्यंत सारखे बोलले तर मी तो विषय तिथे संपवतो. वरच्या ऑडॅसिटीच्या पद्धतीनं फक्त एक-दोन टोकं उरली, तर तेवढाच भाग लॉगमध्ये त्रुटी न दाखवणाऱ्या ड्राइव्हच्या फाइलमधून घेता येतो. मॅकवर एक्सएलडी आणि लिनक्सवर व्हिपर हेच काम नीट करतात.

कोणी मित्रानं कॉपी करून दिलेल्या सीडीही अशाच ‘सापडत नाही’ म्हणून येतात. बर्न करताना प्रत्येक गाण्याआधी दोन सेकंदांची शांतता घातली गेली की ट्रॅकच्या जागा बदलतात आणि डेटाबेसला तो वेगळाच अल्बम वाटतो. बर्न केलेल्या सीडी-आर रांगेत सगळ्यात आधी घ्या. त्यांचा रंगाचा थर काळाबरोबर आणि उन्हानं उतरतो, छापलेल्या सीडीचं तसं नसतं.

रिप बरोबर असणं म्हणजे फाइल सीडीसारखी असणं. सीडीच वाईट असेल तर फाइलही तशीच येणार. बालगंधर्वांची, हिराबाई बडोदेकरांची, अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी गाणी ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून सीडीवर आली आहेत. त्यातली खरखर आणि टिकटिक तबकडीची आहे. दोन ड्राइव्हच्या रिप जुळल्या आणि टिक् दोन्हीत आहे, तर ती सीडीतच आहे, ड्राइव्हवर राग काढू नका. दुसरीकडे काही स्वस्तातल्या सीडी सरळ एमपीथ्रीवरून बनवलेल्या असतात. स्पेक या आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल टाकली आणि १६ किलोहर्ट्‌झला चाकूनं कापल्यासारखी आडवी रेघ दिसली, तर संशय घ्यायला जागा आहे. जुन्या ध्वनिमुद्रणात वरचे सूर मुळातच कमी असतात, पण ते हळूहळू विरत जातात, सरळ रेघेत तुटत नाहीत.

‘फ्लॅकची टेस्ट पास झाली’ याचाही अर्थ मर्यादित आहे. फ्लॅकमध्ये आवाजाचा एमडी५ हा चेकसम असतो, त्यावरून फाइल हार्ड डिस्कवर बिघडली नाही एवढं कळतं. ती सीडीवरून नीट आली होती का, हे त्याला माहीत नसतं. वर्षा-दोन वर्षांनी बॅकअप तपासायला मात्र तो अगदी कामाचा.

सीडी देऊन टाकायचं म्हणाल, तर ज्या जुळल्या त्या तुम्ही हव्या तशा वाटा. ज्या डेटाबेसमध्ये नाहीत त्या दोन ड्राइव्हवर जुळेपर्यंत आणि फाइलींच्या दोन वेगळ्या जागी प्रती होईपर्यंत घरातच ठेवा. प्रत्येक फोल्डरमध्ये ईएसीचा लॉग आणि क्यू फाइल (ट्रॅकच्या जागांची यादी) असू द्या. नंतर कधी त्या अल्बमची दुसरी प्रत कोणाच्या हाती आली, तर ताडून बघायला तेवढंच लागतं. आणि अशा दुर्मिळ सीडीचे निकाल अ‍ॅक्युरेटरिपला आणि क्यूटूल्सच्या डेटाबेसला पाठवायला विसरू नका. तीच सीडी घेऊन बसलेल्या पुढच्या माणसाला पहिला साक्षीदार तुमच्याकडूनच मिळेल.